चूल वेगळी कधी झाली?

खोटं बोलणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटत नाही. खोटं पकडता येतं, निदान पकडायला काहीतरी हाताला लागतं. मला भीती वाटते ती एकही शब्द खोटा न बोलता समोरच्याला वर्षानुवर्षं फिरवणाऱ्यांची, इंग्रजीत ह्या प्रकाराला शिकेनरी असा एक शब्द आहे, आणि अशी माणसं बघायला मला लांब जावं लागत नाही, कारण बेळगावात कोर्टाजवळच आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आधी टाईपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले, आता वकील व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकतात आणि तीन कॉप्या काढून ठेव म्हणून सांगतात. धंदा तोच, कागद पांढऱ्याचा काळा करायचा.

पक्षकार येतो तो मराठीत तक्रार घेऊन. वकील त्याच्याशी मराठीत बोलतात, आतल्या कारकुनाशी कन्नडात, आणि आमच्याशी अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत. साक्ष मराठीत दिली तरी कागदावर ती कन्नडात उतरते, युक्तिवादाच्या नोट्स इंग्रजीत टाईप होतात, म्हणजे माणसाचं भांडण तीनदा कपडे बदलून जज्जसाहेबांपुढे उभं राहतं आणि ज्याचं भांडण तो मागच्या बाकड्यावर बसून आपलं नाव कधी पुकारतात एवढंच ऐकत असतो.

तर शिकेनरी हा शब्द मला असाच डिक्टेशन घेताना मिळाला. आमच्याकडे येणारे एक जुने वकील होते, खुर्ची उलटी टाकून बसायचे आणि डोळे मिटून सांगत सुटायचे. एका दाव्यात त्यांनी आधी फ्रॉड असा शब्द सांगितला, मी मारला, दोन ओळी पुढे गेल्यावर थांबले. "फ्रॉड काढ रे. तिथं शिकेनरी घाल." स्पेलिंग विचारलं तर म्हणाले सी-एच नं सुरू होतंय पण म्हणायचं श, फ्रेंच हाय ते. मी म्हटलं साहेब दोन्हीत फरक काय, फसवणूकच की. त्यावर डोळे उघडून जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे: "फ्रॉड लिहिलास तर तपशील द्यावा लागतोय. सीपीसी, म्हंजे दिवाणी दाव्यांचा कायदा, ऑर्डर सहा, रूल चार. कोण, कवा, काय केला, तारीखवार. आता ह्या बाबानं काय केलंय सांग बघू? सगळे अर्ज कायद्यातले. सगळ्या तारखा कोर्टानंच दिलेल्या. येक येक बघितलास तर काय बी नाही, आणि सगळं मिळून बघितलास तर म्हातारीचं शेत गेलंय."

पुढे सवय लागली, इंग्रजी पेपरात किंवा निकालांच्या कॉप्यांत हा शब्द आला की मी थांबतो. पाकीटमाराला कुणी शिकेनरी करणारा म्हणत नाही. बाजारात दूधवाल्याने पाणी घातलं तरी नाही. वकील, पुढारी, इलेक्शन, कंपन्यांचे हिशेब, बँका, असल्या लोकांच्या शेजारीच तो बसलेला दिसतो, म्हणजे जिथं कागद आहे, नियम आहे, आणि नियम माहीत असलेला एक माणूस नियम माहीत नसलेल्या दुसऱ्यासमोर उभा आहे. एक शिकेनरी, दोन शिकेनऱ्या असं सहसा मोजत पण नाहीत, पाण्यासारखा सगळा मिळून एकच. इंग्रजीत तो सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला, तिकडे त्याचा मूळ अर्थ किरकोळ मुद्द्यांवरून कीस पाडणे, कोर्टात उगाच हरकती घेत बसणे असाच होता. त्याच्याही मागे जाऊन काही अभ्यासक तो फारशी चौगानपर्यंत नेतात, घोड्यावरून काठीने चेंडू मारायचा खेळ, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. मला मात्र पटावं असं फार वाटतं.

ह्याच घराण्यातला दुसरा शब्द शिकेन, तो रेसिंग बघणाऱ्या पोरांना माहीत असतो. सरळ ट्रॅकवर गाड्या फार वेगात जातात म्हणून मुद्दाम घातलेली नागमोडी वळणं. आपल्याकडे हे बघायचं असेल तर हिवाळी अधिवेशनाच्या दिवसात हायवेला सुवर्ण विधानसौधच्या बाजूला जावं. २०१२ मध्ये ती इमारत सुरू झाल्यापासून बहुतेक हिवाळ्यांत बंगळूरचं सरकार काही दिवस बेळगावात येतं आणि पोलीस बॅरिकेड अशी लावतात की एक उजवीकडून, एक डावीकडून, रस्ता बंद नसतो, पण सरळ कुणालाच जाता येत नाही. रस्ता बंद केला असं म्हणून तुम्ही तक्रार करायला गेलात तर साहेब म्हणणार, बंद कुठं आहे, जाताय की तुम्ही.

आणखी एक, आणि हे मला डिक्शनरीत कुठं सापडलं नाही, टायपिंग करता करता दिसलं. हा शब्द स्वतःबद्दल कोणीही वापरत नाही. मी फसवलं असं एखादा दारू प्यायल्यावर तरी म्हणेल, पण आम्ही शिकेनरी केली असं म्हणणारा माणूस मी बघितलेला नाही. तो कायम समोरच्या पार्टीचाच असतो. आपल्या बाजूने तेच केलं की त्याला घरात काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. वकील हुशार हाय, म्हणतात.

आमच्या घरात हे पंधरा वर्षांवर चाललं. माझ्या आत्तीने दावा घातला होता, भावांवर. भाऊ म्हणजे माझे काका आणि माझे वडील, पण वडिलांचं ह्यात काही चालत नव्हतं, काका सांगतील तिथं सही. जमीन काही फार नव्हती, थोडं बासमतीचं शिवार आणि वरच्या अंगाला माळ. आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांसारखा हक्क द्यायचा कायदा दिल्लीच्या आधीच, जुलै १९९४ पासून लागू केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातनं वगळलेल्या, त्यामुळे आत्तीला त्याचा उपयोग नव्हता. २००५ मध्ये दिल्लीने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा ती अट गेली, आणि खानापूरकडच्या कुणीतरी तिच्या डोक्यात घातलं की आक्का तुझा पण वाटा हाय. घातलं म्हणजे काय, खरंच होता.

नोटीस आली त्या दिवशी काका फार चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, घालू दे की, बघूया. हे बघूया फार वाईट असतं.

कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं उत्तर, तीस दिवसांत द्यायची असते, कोर्टाने परवानगी दिली तर नव्वद. आमची नव्वदाव्या दिवसाच्याही पुढे गेली, कारण वकिलांनी आधी वेळ मागणारा अर्ज घातला, त्यावर हरकत, त्यावर ऑर्डर, आणि सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगून ठेवलंय की नव्वद दिवस ही काही लोखंडी रेघ नाही, तसंच कारण असेल तर कोर्ट सोडू शकतं. तसंच कारण आमच्या वकिलांकडे कायम असायचं.

मग कैफियत आली आमच्याच दुकानात टाईपला. आत्तीचं माहेरचं नाव गंगू, लग्नात बदलून सुमन ठेवलेलं, आपल्याकडे रीतच आहे, तांदळात अंगठीनं नाव लिहितात ते. शाळेच्या दाखल्यावर गंगू, रेशनकार्डावर सुमन, जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर तर मुलींची नावंच नाहीत. तर पहिल्याच परिच्छेदात सांगितलं, वादी ही मयत अमक्याची मुलगी असल्याचं प्रतिवादीस मान्य नाही, वादीने शाबीत करावं. मी टाईप करता करता वकिलांकडे बघितलं. ते म्हणाले, "डिनाय करायचं नाही हं, नॉट ॲडमिटेड म्हणायचं. डिनाय केला तर खोटं हुतंय." मान्य नाही म्हणजे खोटं नाही. बहीण नव्हे असं आम्ही कुठं म्हटलंय, बहीण आहे हे तुम्ही दाखवा एवढंच म्हटलंय. कायद्यात असंही लिहिलंय की गोलमोल नकार कबुलीच धरावा, पण हा नकार गोलमोल आहे हे कोर्टाला सांगायलाही एक तारीख लागते, त्याला उत्तर द्यायला दुसरी.

ज्या भावाने तिच्या लग्नात बँडपुढे नाचून पायाचं नख उपटून घेतलं होतं, त्याची बहीण असल्याचा पुरावा आणायला आत्ती पंचायतीत, शाळेत आणि तहसीलदार ऑफिसात फिरत राहिली. गंगू आणि सुमन ही एकच व्यक्ती आहे म्हणून ॲफिडेव्हिट झालं. ते पण मीच टाईप केलं, तिच्या वकिलांचा कारकून आमच्याकडेच यायचा, गावात दुकानं किती असणार.

आणि बघायला गेलं तर तारखेच्या दिवशी ही दोघं एकत्र जेवायची. काकांना शुगर, त्यामुळे हॉटेलातलं चालायचं नाही, मग आत्तीच भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पालेभाजी बांधून आणायची, आवारातल्या झाडाखाली पेपर पसरून दोघं बसायची, ती म्हणायची अण्णा गोळी घेतलास काय, हे म्हणायचे व्हय घेतलो, आणि पुकारा झाला की हात धुवून वादी आणि प्रतिवादी आत जायची. मी बऱ्याच लोकांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं मी रंगवून सांगतोय. कोर्टात बसणाऱ्या कुठल्याही पट्टेवाल्याला विचारा, भावाबहिणीच्या दाव्यात हे नेहमीचं आहे.

आता कोणी म्हणेल आपण मराठी माणसांनी चलाखीला नावं ठेवू नयेत, आपला सगळा इतिहास त्यावर उभा आहे. माझा चुलतभाऊ हेच म्हणायचा, दादा गनिमी कावा म्हणजे तरी काय. मला हे ऐकून राग यायचा, पण उत्तर लगेच सुचायचं नाही. आता सुचतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात जो माणूस गेला तो स्वतः गेला होता, मिठी चुकली असती तर मान त्याची होती. १६६६ च्या ऑगस्टमध्ये आग्र्याहून निसटताना पण तेच, पोराला घेऊन, मोगलांच्या मुलखातून. कावा करणाऱ्याचा जीव त्या काव्यात अडकलेला असतो, शिवाय समोरचा आपल्यापेक्षा दांडगा असतो. नॉट ॲडमिटेड लिहिणाऱ्याचं काय अडकलेलं असतं? फी पण ॲडव्हान्स.

ज्याला खरोखर शिकेनरी म्हणावं असं इतिहासात बघायचं असेल तर आपल्या जिल्ह्यात कित्तूर आहे. १८२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथले देसाई वारले, मूल नव्हतं, मरायच्या आधी दत्तक घेतलेला. धारवाडचा कलेक्टर ठॅकरे, त्याने दत्तकच मानला नाही. लढाई नाही, वेढा नाही, आधी फक्त कागदावर शंका, मग खजिन्याला सील. दत्तक खरा की खोटा हे ठरवणार कोण, तर ज्यांना संस्थान पाहिजे तेच. पुढे काय झालं सगळ्यांना माहीत आहे, ऑक्टोबरमध्ये राणी चन्नम्माच्या माणसांनी ठॅकरेला मारला, दोन साहेब पकडले, आणि ते सोडले तर लढाई थांबवू असा शब्द कमिशनर चॅपलिनने दिला म्हणून राणीने त्यांना सोडलं असं सांगतात, आणि डिसेंबरात जास्त फौज घेऊन इंग्रज परत आले. राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच १८२९ ला वारली. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली, ते नंदगड तर आत्तीच्या सासरच्या तालुक्यातलंच. आम्ही शाळेत असताना तिथं गेलो होतो तेव्हा मला फाशीचं झाड तेवढं बघायचं होतं. आता मला सगळ्यात जास्त त्या सील लावलेल्या खजिन्याचं वाटतं. सगळं सुरू झालं ते तिथं, मान्य नाही, शाबीत करा.

असो, किल्ल्यावरनं खाली येतो.

ह्या सगळ्या प्रकाराला कोर्टच लागतं असंही नाही. माझी मावशी निपाणीची, विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं भिजवून मऊ केलेली, पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं चौकोन कापायचा, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक नखाने आत दुमडायचं, दोरा. बोलता बोलता हात चालायचे, खाली बघायची पण नाही. संध्याकाळी ठेकेदाराकडे माल द्यायला मी तिच्याबरोबर गेलेलो आहे. तो माणूस जुडी हातात घ्यायचा, अंगठ्याने फिरवायचा, दोनचार विड्या काढून बाजूला टाकायचा: ढिली, आखूड, टोक उघडं. ह्याला छाट म्हणायचे. छाट निघालेल्या विडीची मजुरी नाही. पण ती विडी मावशीला परत पण मिळायची नाही, ती तिथंच एका डब्यात पडायची, आणि तो डबा काही दिवसाच्या शेवटी उकिरड्यावर जात नव्हता. शिवाय पान आणि तंबाखू दिलेली मोजकी, त्यात हजार भरत नाहीत म्हणून कमी पडलेलं पान बायकांनी पदरचे पैसे घालून आणायचं. ठेकेदार आवाज चढवायचा नाही. ताई ताई म्हणूनच बोलायचा.

विडी कामगारांचा १९६६ चा कायदा होता आणि त्यात कच्चा माल देण्यावरून किंवा विड्या नाकारण्यावरून वाद झाला तर कुणाकडे जायचं ते चक्क लिहिलेलं होतं, म्हणजे कायदा करणाऱ्याला हा डबा माहीत होता. मावशीला कायदा माहीत नव्हता. तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं पण त्याच गावात तेच, माल व्यापाऱ्याच्या वखारीत गेला की दर व्यापारी ठरवणार, पैसे कधी ते पण तोच, आणि ह्यात कुठं चोरी झाली ते बोट ठेवून दाखवता यायचं नाही. १९८१ च्या मार्च एप्रिलमध्ये शरद जोशींबरोबर शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर येऊन बसले, बैलगाड्या, बायकापोरं सगळी, आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. निपाणीत अजून त्या दिवसांबद्दल बोलणारी म्हातारी माणसं भेटतात. मावशी त्यावर एकच म्हणायची की शेतकऱ्यांना निदान रस्ता तरी मिळाला बसायला, आम्ही सूप घेऊन कुठं बसणार.

परत आमच्या दाव्यावर. मधल्या काळात एक चुलत आजोबा वारले, त्यांना फक्त नावाला पार्टी केलेलं होतं, त्यांचा वाट्याशी काही संबंध नव्हता. पण पार्टी मेली की तिचे वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात, नाहीतर तेवढ्यापुरता दावा गळतो. आत्तीच्या वकिलांना बातमी उशिरा कळली. आम्ही सगळे तेराव्याला जेवून आलो होतो, आत्ती पण होती जेवायला, पण जेवण वेगळं आणि रेकॉर्ड वेगळं. वारस एक पुण्यात, एक वास्कोला, एकाचा पत्ता चुकीचा, नोटीस फिरून परत. आजोबांच्या आजोबांच्या वेळचं एक मोडीतलं वाटणीपत्र निघालं, बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं त्यामुळे असली जुनी कागदं मराठी मोडीत, आणि कोर्टाची कामाची भाषा आता कन्नड, मग मोडी वाचणारा शोधा, त्याचं लिप्यंतर, मग त्याचं भाषांतर, मग भाषांतरावर हरकत. कायद्यात म्हणे एका पार्टीला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असं २००२ पासून आहे. मी वकिलांना हे विचारलं तर ते हसले. मुदत कुठं मागितली, अर्ज घातला, म्हणाले.

पण ह्या सगळ्यात माझ्या डोक्यातनं जात नाही तो आत्तीचा उलटतपास. मी दार धरून उभा होतो. आमचे वकील एकदम गोड आवाजात, आई म्हणून सुरुवात केली.

"आई, तुमचे भाऊ एकत्र राहतात की वेगळे?"

"वेगळे की. घर एकच, मधी भिंत घातलीया."

"चूल वेगळी कधी झाली?"

"आई गेली त्या वर्षी. दोघी जावांचं पटंना, मग मीच येऊन भांडी वाटून दिलो."

"तुम्हीच वाटून दिलात."

"व्हय, मीच. पितळी घागर हिला, तांब्याची तिला."

"म्हणजे वाटणी झाली तेव्हा तुम्ही हजर होता आणि तुमची काही तक्रार नव्हती."

आत्तीला कळलंच नाही काय झालं. ती म्हणाली तक्रार कशाला आसंल, भांड्यासाठी कोण तक्रार करतंय. ते कन्नडात उतरलं, आणि मला नक्कल टाईपला आली तेव्हा भांडी हा शब्द त्यात होता, पण दोन वाक्यं वर. खाली स्वतंत्र ओळीत होतं की वाटणीच्या वेळी मी हजर होते, माझी तक्रार नव्हती. एक शब्द खोटा नाही. सगळं तिच्या तोंडचं. खेड्यात चूल वेगळी होते ती जावांची कटकट म्हणून, त्याचा सातबाराशी काही संबंध नसतो हे त्या कोर्टातल्या शेवटच्या शिपायापर्यंत प्रत्येकाला माहीत असतं, वकिलांच्या स्वतःच्या घरात पण दोन चुली होत्या. बाहेर आल्यावर काकांनी वकिलांचा हात हातात घेतला. आत्तीने काकांना विचारलं, "बरोबर बोललो न्हवं रे मी?"

काका म्हणाले बरोबर बोललीस.

त्यानंतर निकालांचा पाळणा सुरू झाला. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील जिवंत असले तरच मुलीला नवा हक्क, आणि गंमत म्हणजे ते प्रकरण मुळात आमच्याच बेळगावच्या कोर्टात १९९२ मध्ये दाखल झालेलं. आमच्या वकिलांनी त्याची कॉपी काढायला सांगितली तेव्हा काकांनी मला चहा पाजला. आजोबा आधीच गेलेले, म्हणजे आत्तीला आजोबांच्या वाट्यातला छोटा तुकडा, बाकी नाही. मग ११ ऑगस्ट २०२० ला तीन जज्जांनी ते फिरवलं, हक्क जन्मानेच आहे, वडील असोत नसोत, आणि तोंडी वाटणी झाली होती असली सबब सहजासहजी चालणार नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार पाहिजे. दोन चुली काही सरकारी कागदात नव्हत्या. करोनामुळे कोर्टाचं कामकाज अर्धवट चाललेलं, काकांनी बातमी टीव्हीवर बघितली आणि टीव्ही बंद केला असं काकू सांगत होती.

ह्या भागात राहून आम्हाला तारखांचं नवल वाटू नये खरं तर. आम्ही कुठल्या राज्यात राहायचं त्याचाच दावा आहे, १९५६ पासूनचं भांडण, १९६७ चा महाजन रिपोर्ट, आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा. दोन्हीकडचे लोक समोरच्याला लबाड म्हणतात आणि आपल्या वकिलाला हुशार. मी ह्यात काही बोलत नाही, दुकानात दोन्हीकडची गिऱ्हाइकं येतात.

शेवटी आत्तीचा दावा लोकअदालतीत मिटला. तिची तब्येत ढासळलेली, मुलगी म्हणाली आई असेपर्यंत मिटू दे. लोकअदालतीत एकदा तडजोडीवर सह्या झाल्या की अपील नाही. वाटा तिसरा धरला, गुंठे मोजून, सर्व्हेअर आणून, अगदी चोख. फक्त कुठला तिसरा ते काकांनी सुचवलं. आत्तीला माळाकडची बाजू, कारण म्हणे एका जागी सलग मिळतंय, तुकडे नकोत. शिवार भावांकडे राहिलं. गुंठे सारखे. मी ते कागद टाईप केले तेव्हा बेरीज दोनदा तपासली, एक गुंठा इकडचा तिकडे नव्हता. आत्तीची मुलगी शेजारीच उभी होती, शिकलेली आहे, बँकेत आहे, तिला सगळं दिसत होतं. म्हणाली, "मामांनी मापात काय बी कमी केलं नाही हं, ते खरं."

तिने पुढच्या पावसाळ्यात माळावर काजू लावला. खडकाळ आहे पण काजूला चालतं. आत्तीने पहिल्या वर्षी रोपं बघितली, नंतर ती गेली, दिवस घालायला काकाच खानापूरला गेले होते आणि मनापासून रडले, त्यात काही नाटक नव्हतं हे मी सांगू शकतो.

आता अलीकडे अशी बोलवा आहे की नवीन रस्ता माळाच्या कडेने जाणार. खरं खोटं कुणाला माहीत, पण दोन एजंट येऊन मोजून गेलेत आणि माळाचा भाव शिवाराच्या वर चाललाय. गेल्या आठवड्यात चुलतभाऊ दुकानात आला, कामगार जेवायला गेले होते तेवढ्यात. खुर्ची ओढली आणि हळूच विचारलं, दादा लोकअदालतीतलं मोडता येतंय काय रे, त्या वेळी आमच्या बाजूनं माळाची किंमत नीट धरलीच नव्हती, बाबांना तसं कोण सांगितलंच नाही. मी म्हटलं अवघड आहे, हायकोर्टात रिट घालावी लागेल, आणि तिथं जाऊन आपल्याला फसवलं असं म्हणावं लागेल. कुणी फसवलं म्हणणार?

तो थोडा वेळ झेरॉक्स मशीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "ते बघंल की वकील. आधी घालून तरी बघूया, तारीख तरी पडंल."